दिसला खरा, पण कशावरून?

हिवाळ्याच्या सुरुवातीला आम्ही नववीच्या काही मुलामुलींना घेऊन रत्नागिरीजवळच्या भाट्याच्या खाडीवर गेलो होतो. काजळी नदी इथे समुद्राला मिळते. ओहोटीला पाणी उतरले की चिखलाचा रुंद पट्टा उघडा पडतो आणि त्यातले किडे, शिंपले, बारीक खेकडे टिपायला पक्षी उतरतात. चिखले, तुतवार, बगळे, कुरव अशी नावे वहीत चढत होती. दुर्बिणी दोनच होत्या, त्या पाळीपाळीने फिरत होत्या. इतक्यात एक मुलगी ओरडली, "सर, छोटा कोरल!"

आम्ही दुर्बीण हातात घेईपर्यंत पक्षी उडून तिवरांच्या पलीकडे गेला होता.

कोरल म्हणजे लांब पायांचा, तपकिरी रेघारेघांचा, विळ्यासारखी खाली वाकलेली चोच असलेला पक्षी. मोठा कोरल आमच्या ओळखीचा होता. छोट्या कोरलाची नोंद आमच्या वहीत तोवर एकदाही नव्हती. तो आकाराने लहान, चोच आखूड आणि डोक्यावर गडद पट्टे. आम्ही मुलीला विचारले, "डोक्यावर पट्टे होते का?" ती म्हणाली, "डोके नाही नीट पाहिले. पण चोच आखूड होती." आता अडचण अशी की मोठ्या कोरलाचे त्याच वर्षी जन्मलेले पिल्लू पहिल्या हिवाळ्यात आपल्याकडे येते, तेव्हा त्याचीही चोच पुरती वाढलेली नसते.

मुलांत दोन तट पडले. एकाचे म्हणणे, "तिने डोळ्यांनी पाहिलाय ना, मग लिहा." दुसऱ्याचे म्हणणे, "बाकी कोणीच पाहिला नाही, मग कसा लिहायचा?" मुलीचा चेहरा पडलेला पाहून आम्ही म्हटले, "असेल तोच, लिहून टाका." नोंद झाली. घरी आल्यावर मात्र ती नोंद आम्हाला टोचत राहिली. मुलीला खोटे पाडायचे नव्हते हे खरे. पण वहीत शिरलेले वाक्य खरे आहे असे आम्ही कशाच्या जोरावर म्हणणार होतो?

हा प्रश्न आमच्या वर्गापुरता नाही. गेली शंभरेक वर्षे पक्षी पाहणारी माणसे त्याच्याशी झगडत आली आहेत. त्या झगड्यात फसवणूक आहे, प्रामाणिक चुका आहेत आणि एका पक्षिजातीचा शेवटही आहे. तो इतिहास शिक्षकांना उपयोगी पडेल असे वाटते, म्हणून येथे मांडत आहोत.

बंदुकीचा पुरावा

एकोणिसाव्या शतकात "अमुक पक्षी दिसला" या म्हणण्याला फारशी किंमत नव्हती. पक्षी मारून, त्याचे कातडे काढून, आत कापूस भरून, पायाला ठिकाण आणि तारखेची चिठ्ठी बांधून तो संग्रहालयात ठेवला, तरच नोंद पक्की समजली जाई. आज आपल्याला हे क्रूर वाटते. पण त्या काळी त्यामागे कारण होते. दूरचे स्पष्ट दाखवील अशी हातात मावणारी दुर्बीण नव्हती. जर्मनीतील झाइस कंपनीने लोलक बसवलेल्या दुर्बिणी बनवायला सुरुवात केली ती १८९४ मध्ये, आणि त्या सामान्य माणसाच्या आवाक्यात यायला पुढे बराच काळ गेला. चिखलावर शंभर पावलांवर उभा असलेला करडा पक्षी नेमका कोणता, हे हातात घेतल्याशिवाय ठरवणे अवघड होते.

शिवाय कातडे टिकते. शंभर वर्षांनी शंका आली, तर पुन्हा उघडून पाहता येते. भारतात ॲलन ह्यूम या सनदी अधिकाऱ्याने आपल्या सहकाऱ्यांकडून हजारो कातडी जमवली आणि १८८५ मध्ये तो संग्रह लंडनच्या संग्रहालयाला दिला. भारतीय पक्ष्यांबद्दलच्या पुष्कळ ज्ञानाचा पाया त्यात आहे.

या पद्धतीत एक कच्चा दुवा मात्र राहिला होता. पक्षी कोणता हे कातडे सांगते. तो कुठे आणि कधी मारला, हे फक्त चिठ्ठी सांगते, आणि चिठ्ठी माणूस लिहितो.

हेस्टिंग्जचे पाहुणे

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर हेस्टिंग्ज नावाचे गाव आहे. त्याच्या पूर्वेला रॉदर नदीचे मुख, राय बंदर आणि रॉम्नीची पसरट दलदल. युरोप खंडाचा किनारा समोरच, त्यामुळे भरकटलेले पक्षी तिथे येणे स्वाभाविक होते. १८९२ पासून पुढे सुमारे तीन-चार दशके या गावाच्या वीस मैलांच्या परिसरातून दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदींचा पाऊस पडला. ब्रिटनमध्ये पूर्वी कोणी न पाहिलेले पक्षी इथे एकामागून एक मिळू लागले. कधी एकाच जातीचे दोन-तीन मिळत. सैबेरियात वीण करून ऑस्ट्रेलियाकडे हिवाळ्याला जाणारा करड्या शेपटीचा तुतवार राय बंदराजवळ मिळाल्याची नोंद झाली. बारीक चोचीचा कोरल नावाचा अतिशय विरळ पक्षी रॉम्नीच्या दलदलीत मिळाल्याचीही नोंद झाली. यातले बहुतेक पक्षी जॉर्ज ब्रिस्टो या एकाच दुकानदाराच्या हातून गेले होते. तो बंदुका दुरुस्त करी आणि मेलेल्या पक्ष्यांत भुसा भरून ते विके.

हौशी श्रीमंतांना ब्रिटनमध्ये मिळालेला दुर्मीळ पक्षी आपल्या संग्रही हवा असे. तोच पक्षी परदेशात मारलेला असला, तर त्याला फारसा भाव नसे. म्हणजे सारी किंमत चिठ्ठीवरच्या गावाला होती. हे पक्षी जहाजांतून बर्फात घालून आणले जात असावेत, असा तर्क पुढे झाला.

शंका फार आधी आली होती. 'ब्रिटिश बर्ड्स' या मासिकाचे संपादक हॅरी विदर्बी यांनी १९१६ मध्येच या नोंदींबद्दल अविश्वास दाखवला होता. पण जाहीरपणे काही छापले गेले नाही. एकेक नोंद घेऊन पाहिली, तर ती अशक्य म्हणता येत नव्हती. वारा वाहतो, पक्षी भरकटतात, हे कोण नाकारणार? त्यामुळे पुस्तकांत, याद्यांत आणि नकाशांत ते पक्षी जाऊन बसले.

आकड्यांची साक्ष

उलगडा झाला तो १९६२ च्या ऑगस्टमध्ये. मॅक्स निकल्सन आणि जेम्स फर्ग्युसन-लीझ यांनी 'ब्रिटिश बर्ड्स'मध्ये या साऱ्या प्रकरणावर मोठा लेख लिहिला. त्याच अंकात जॉन नेल्डर या संख्याशास्त्रज्ञाचा लेख होता. नेल्डर स्वतः पक्षी पाहणारे होते आणि पुढे संख्याशास्त्रातले मोठे नाव झाले. त्यांनी एकही कातडे हातात न धरता, फक्त नोंदींची संख्या तपासली.

त्यांची पद्धत वर्गात सहज समजावता येईल. समजा, एका शाळेत दहावीच्या पाच तुकड्या आहेत. एका वर्षी 'ब' तुकडीत चाळीस मुलांना गणितात पैकीच्या पैकी गुण मिळाले आणि बाकीच्या तुकड्यांत एकेदोघांना. पुढच्या वर्षी पर्यवेक्षक बदलले आणि 'ब' तुकडीतही एकेदोघांनाच तसे गुण मिळाले. एखादी उत्तरपत्रिका उचलून "ही नक्कल आहे" असे म्हणता येणार नाही. तरीही सगळा ढीग एकत्र पाहिला की काहीतरी बिघडले आहे हे कळते. नेल्डर यांनी नेमकी अशीच दुहेरी तुलना केली. हेस्टिंग्जच्या परिसराची तुलना त्यांनी ससेक्स आणि केंट परगण्यांतल्या शेजारच्या भागांशी केली. मग त्याच परिसराच्या आधीच्या काळाची तुलना नंतरच्या काळाशी केली. नंतरच्या काळात दुर्बिणी आणि निरीक्षक दोन्ही वाढले होते, म्हणजे दुर्मीळ पक्षी जास्त दिसायला हवे होते. हेस्टिंग्जला मात्र जुन्या काळातच अतिदुर्मीळ पक्ष्यांची अवाजवी गर्दी होती, आणि तशी गर्दी शेजारी नव्हती. हा निव्वळ योगायोग असण्याची शक्यता नगण्य होती.

सुमारे सहाशे नोंदी रद्द झाल्या. २९ जाती आणि उपजाती ब्रिटनच्या यादीतून वगळल्या गेल्या.

या प्रकरणातल्या दोन गोष्टी शिक्षकांनी लक्षात घ्याव्यात असे आम्हाला वाटते. ब्रिस्टो १९४७ मध्येच वारला होता. त्याने आरोप कधी मान्य केला नव्हता आणि त्याच्यावर खटलाही झाला नाही. १९६८ मध्ये जेम्स हॅरिसन यांनी त्याची बाजू मांडणारे पुस्तक लिहिले. नोंदी अविश्वसनीय आहेत हे आकड्यांनी दाखवले. गुन्हा कोणी आणि कसा केला, हे आकडे सांगत नाहीत. या दोन प्रश्नांची गल्लत होऊ देऊ नये.

दुसरी गोष्ट म्हणजे सुक्याबरोबर ओलेही जळते. रद्द झालेल्या सहाशेंत काही नोंदी खऱ्या असणारच. वगळलेल्या जातींपैकी बहुतेक पुढे खात्रीच्या नोंदींवर यादीत परत आल्या. करड्या शेपटीचा तुतवार १९८१ मध्ये वेल्समधल्या डव्ही नदीच्या खाडीत दिसला. त्या वेळी तो पुष्कळांनी, पुष्कळ दिवस पाहिला, त्याचे वर्णन लिहिले, आणि तो यादीत परतला. रायची जुनी नोंद मात्र परतली नाही. असा पक्षी तिकडे येऊ शकतो हे ठरले, पण त्यामुळे तो त्या दिवशी आला होता असे सिद्ध होत नाही.

वही, दुर्बीण आणि समिती

दरम्यान बंदुकीची जागा दुर्बिणीने घेतली होती. अमेरिकेत रॉजर टोरी पीटरसन यांचे १९३४ चे पुस्तक आणि आपल्याकडे सालिम अलींचे १९४१ चे पुस्तक यांनी जिवंत पक्षी दुरून ओळखायची सवय लावली. पक्षी वाचले, पण पुरावा हातातून गेला. आता "मी पाहिला" यावर विश्वास कसा ठेवायचा?

ब्रिटनमध्ये १९५९ साली यासाठी दहा अनुभवी निरीक्षकांची समिती नेमली गेली. दुर्मीळ पक्षी पाहणाऱ्याने त्याचे लेखी वर्णन पाठवायचे. कुठे, कधी, किती अंतरावरून, कोणत्या उजेडात, कोणत्या दुर्बिणीतून पाहिला. पाय, चोच, पंखांखालचा रंग, शेपूट, आवाज. आणि याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या जाती कशावरून वगळल्या. समिती ते वाचून नोंद स्वीकारते किंवा नाकारते. नाकारणे म्हणजे खोटारडा ठरवणे नव्हे. दिलेल्या वर्णनावरून जात सिद्ध होत नाही, एवढाच त्याचा अर्थ. पुढे अनेक देशांत अशा समित्या झाल्या.

पद्धत चांगली होती. तरी ती चुकू शकते, हे एका कोरलाने दाखवून दिले.

दोनदा यादीत, दोनदा बाहेर

बारीक चोचीच्या कोरलाला १८१७ मध्ये व्हिएयो या फ्रेंच निसर्गअभ्यासकाने शास्त्रीय नाव दिले. आकाराने तो छोट्या कोरलाएवढा, चोच काळी आणि टोकाकडे निमुळती, कुशीवर बदामाच्या आकाराचे काळे ठिपके, पंखांखाली आणि शेपटीवर पांढरेपणा जास्त. हिवाळ्यात तो भूमध्य समुद्राभोवतीच्या देशांत येई. वीण कुठे करतो हे मात्र कोणाला नीट ठाऊक नव्हते. सैबेरियात तारा गावाजवळ व्हॅलेंतिन उशाकोव्ह यांना १९०९ ते १९२५ या काळात त्याची वीण आढळली. १९२४ मध्ये त्यांनी एके ठिकाणी १४ घरटी पाहिली. त्यानंतर जगात कोणालाही या पक्ष्याचे घरटे सापडले नाही.

शिकार होत राहिली. भूमध्य परिसरातल्या दलदली उपसून शेतीखाली आल्या. उत्तरेकडची गवताळ माळराने नांगरली गेली. १९८० च्या दशकाच्या अखेरीस मोरोक्कोच्या अटलांटिक किनाऱ्यावरील मेर्जा झेर्गा या भरतीओहोटीच्या खाजणात काही पक्षी दर हिवाळ्यात येतात असे लक्षात आले. मेर्जा झेर्गा म्हणजे निळे सरोवर. जगभरातून पक्षी पाहणारे तिथे जाऊ लागले. शेकडो साध्या कोरलांच्या थव्यातून एक-दोन बारीक चोचीचे हुडकायचे. हिवाळ्यागणिक संख्या घटत गेली. २५ फेब्रुवारी १९९५ रोजी तिथे एक पक्षी दिसला. त्यानंतर तो तिथे आला नाही.

मे १९९८ मध्ये इंग्लंडच्या नॉर्थम्बरलंड परगण्यात, ड्रुरिज उपसागराच्या काठी एक लहानसा कोरल चार दिवस राहिला. पुष्कळांनी पाहिला, छायाचित्रे निघाली. हा बारीक चोचीचा कोरल असल्याचा निष्कर्ष निघाला आणि समित्यांनी तपासून तो मान्य केला. हेस्टिंग्जच्या नोंदींबरोबर १९६२ मध्ये ब्रिटनच्या यादीतून गेलेला पक्षी असा पुन्हा आत आला.

यात मोठी आशा होती. तो पक्षी एका वर्षाचा आहे असे पिसांवरून ठरवले गेले होते. म्हणजे १९९७ मध्ये कुठेतरी एक जोडी होती, घरटे होते, पिल्लू मोठे झाले होते. जात जिवंत आहे, शोधले तर सापडेल, असा त्याचा अर्थ होता.

दहाबारा वर्षांनी नोंदीची फेरतपासणी झाली. तोपर्यंत साध्या कोरलाबद्दलचे ज्ञान वाढले होते. त्याची पूर्वेकडची उपजात पंखांखाली पांढरी असते. नराची चोच मादीपेक्षा आखूड, आणि कोवळ्या नराची त्याहून आखूड. अशा लहानखुऱ्या साध्या कोरलापेक्षा ड्रुरिजचा पक्षी वेगळा होता, असे ठामपणे म्हणता येईना. नोंद मागे घेतली गेली. बारीक चोचीचा कोरल ब्रिटनच्या यादीतून दुसऱ्यांदा बाहेर पडला. पहिल्यांदा तो बाहेर पडला तेव्हा कारण लबाडी होते. या वेळी लबाडीचा प्रश्नच नव्हता. सगळे प्रामाणिक होते, जाणकार होते, आणि छायाचित्रेही समोर होती.

शेवटचा कोणी पाहिला?

यादीतल्या एका ओळीची इतकी ओढाताण कशाला, असे कोणालाही वाटेल. पण एखादी जात संपली की आहे, हे ठरते ते तिच्या शेवटच्या खात्रीच्या नोंदीवरून. १९९५ नंतर युरोपात आणि इतरत्र अशी बरीच "दर्शने" नोंदली गेली होती. ती खरी धरली तर पक्षी अजून आहे. खोटी धरली तर १९९५ पासून शांतता आहे.

२०२४ मध्ये 'आयबिस' या पक्षिशास्त्राच्या नियतकालिकात याचा हिशेब मांडणारा अभ्यास प्रसिद्ध झाला. संग्रहालयांतली कातडी आणि कागदोपत्री नोंदी एकत्र करून, प्रत्येक नोंद कितपत भरवशाची हे लक्षात घेऊन संशोधकांनी गणित केले. त्यामागची कल्पना साधी आहे. रोज सकाळी येणारी एस.टी. एक दिवस आली नाही, तर आपण उद्याची वाट पाहतो. महिनाभर आली नाही, तर गाडी बंद झाली असे म्हणतो. महिन्यातून एकदाच येणाऱ्या गाडीबद्दल मात्र महिनाभराच्या शांततेवरून काही म्हणता येत नाही. पूर्वी किती वारंवार दिसत होता, आणि आता शोधूनही किती काळ दिसला नाही, यांची सांगड घालावी लागते. या कोरलाच्या बाबतीत जात नष्ट झाल्याची शक्यता ९६ टक्के निघाली. ऑक्टोबर २०२५ मध्ये आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाने आपल्या लाल यादीत त्याला नष्ट झालेली जात म्हणून घोषित केले.

जुन्या कातड्यांनी शेवटी आणखी एक गोष्ट सांगितली. २०१७ मध्ये संग्रहालयातल्या कोवळ्या पक्ष्यांची पिसे तपासली गेली. पाण्यातल्या जड हायड्रोजनचे प्रमाण प्रदेशागणिक बदलते आणि ते अन्नपाण्यातून वाढत्या पिसात उतरते. त्यावरून ही पिसे तारा गावाच्या बरीच दक्षिणेला, कझाकस्तानच्या उत्तरेकडील आणि रशियाच्या लगतच्या गवताळ माळांवर वाढली असावीत असे दिसले. माणसे वर्षानुवर्षे तारा गावाभोवती घरटी शोधत होती, कारण हातात तेवढीच नोंद होती. ती खरीच होती, पण बहुधा पक्ष्याच्या मुख्य मुलखाची नव्हती. हे कळले तोवर उशीर झाला होता.

शहाद्याचा रानपिंगळा

नोंद खोटी असली की शोध भलतीकडे जातो, याचे एक उदाहरण आपल्याच खानदेशात घडले आहे. पक्षी खाडीचा नाही, पण धडा तोच आहे. रानपिंगळा हे लहान घुबड १८७३ मध्ये ह्यूम यांनी शास्त्राला कळवले. जेम्स डेव्हिडसन या सनदी अधिकाऱ्याने १८८० च्या दशकात खानदेशात त्याचे नमुने मिळवले. त्यानंतरची एकच नोंद होती. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन या ब्रिटिश सैनिकी अधिकाऱ्याने १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवी इथे एक पक्षी मारल्याचे म्हटले होते, आणि कातडे संग्रहालयात होते.

१९९० च्या दशकात माइनर्ट्‌झहागेनच्या संग्रहाची तपासणी सुरू झाली आणि अनेक कातडी संग्रहालयातून चोरून, नवी चिठ्ठी लावून ठेवलेली निघाली. अमेरिकन पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन यांनी मांडवीचा पिंगळा तपासला. कातडे भरण्याची पद्धत डेव्हिडसनच्या हातची होती. म्हणजे खानदेशचाच जुना नमुना, चिठ्ठी नवी. १९१४ ची नोंद बाद झाली. मग रासमुसेन आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी फक्त अस्सल नमुन्यांची ठिकाणे धरून शोध घेतला. नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा जिवंत सापडला. तब्बल ११३ वर्षांनी! चुकीची ओळ खोडल्यावर खरी वाट दिसली. कोरलाच्या नशिबी ते नव्हते.

आपल्या वहीसाठी

आता आमच्या वहीकडे येऊ. आपल्या शाळांच्या वह्यांवर जगाची यादी ठरत नाही, हे खरे. पण दर जानेवारीत होणारी आशियाई पाणपक्षी गणना १९८७ पासून चालू आहे आणि तिचा बराचसा भार हौशी माणसांच्या नोंदींवर आहे. ठाण्याच्या खाडीचा काही भाग २०१५ मध्ये रोहित पक्ष्यांचे अभयारण्य म्हणून जाहीर झाला आणि २०२२ मध्ये रामसर यादीत गेला. पाणथळ जागेचे महत्त्व पटवायचे तर तिथे कोणते पक्षी किती येतात, हे कोणीतरी विश्वासाने सांगावे लागते. आज मोबाइलवरून जगभरच्या नोंदींत आपली भर टाकता येते. म्हणून सवय शाळेतच लागलेली बरी.

आम्ही मुलांसाठी काही नियम केले. नाव उच्चारण्याआधी वर्णन लिहायचे, कारण नाव सुचले की डोळा तेच पाहू लागतो. दोघांनी एकच पक्षी पाहिला असेल, तर एकमेकांशी न बोलता वेगवेगळे लिहायचे. शेजारी उभ्या असलेल्या ओळखीच्या पक्ष्याशी आकाराची तुलना करायची. वेळ, भरती की ओहोटी, सूर्य कोणत्या बाजूला, अंतर अंदाजे किती पावले, हे टिपायचे. जे पाहिले नाही तेही लिहायचे: "डोके दिसले नाही," "आवाज ऐकला नाही." घरी येऊन पुस्तक पाहून वर्णनात भर घालायची नाही. खाडीवर गेलो आणि अमुक पक्षी दिसला नाही, ही नोंदही करायची. पक्षी नसल्याचे पुढे कधी ठरवायचे झाले, तर याच ओळी उपयोगी पडतील. आणि लिहिलेले खोडायचे नाही. मत बदलले तर तारीख घालून खाली लिहायचे.

शेवटचा नियम पहिल्यांदा आम्हालाच पाळावा लागला. पुढच्या आठवड्यात वर्गात हेस्टिंग्जची गोष्ट सांगितली, ड्रुरिजची सांगितली आणि मग वही उघडली. "असेल तोच" म्हणून नोंद आम्ही करायला लावली होती, ती आमची चूक होती, हे मुलांपुढे कबूल केले. त्या मुलीला विचारले, "आता काय करूया?" ती थोडा वेळ गप्प राहिली. मग तिने स्वतःच जुन्या ओळीखाली तारीख घालून लिहिले: "कोरल. जात नक्की नाही. चोच आखूड वाटली. डोके पाहिले नाही."

एका मुलाने विचारले, "पण सर, तो खरंच छोटा कोरल असला तर?" तर एक खरी नोंद आपल्या हातून गेली. तसे होते आणि ते सोसावे लागते. मात्र तिने जे खरोखर पाहिले ते वहीत तसेच राहिले आहे. पुढे कोणी वाचले, तर त्याला ते वापरता येईल.

जानेवारीत आम्ही पुन्हा भाट्याला गेलो. मोठे कोरल अकरा होते. छोटा दिसला नाही. दोन्ही गोष्टी वहीत आहेत.